पेट्रोल जाईल त्या वाटेने

नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता. मालवणात मधूनच एखादी सर यायची, लगेच कडक ऊन पडायचं. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागून पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात त्या सकाळी अकरा इंजिनं लाकडी घोड्यांवर ओळीनं टांगलेली होती. बारावं इंजिन एक तांडेल आणि त्यांचा पुतण्या दोघं मिळून उचलून घेऊन आले. दोघं देवबागचे. इंजिन पंधरा हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक, वीसेक वर्षं वापरलेलं. वरच्या झाकणाचा रंग उडाला होता, पण शाफ्टला ग्रीस ताजं होतं. माणूस आपल्या इंजिनाची काळजी घेतो आहे, हे बघताक्षणी कळत होतं.

"परत इलंस?" शेडच्या मिस्त्रींनी विचारलं.

"परत. दोनदा बाहेर कार्बुरेटर साफ करून घेतलंय. ड्रमात मस्त चलता. दर्यात गेला काय फुल रेसला मान टाकता."

"टाकी खय?"

"घराकडे."

"पाइप?"

"तो पण घराकडे."

मिस्त्रींनी हातातला पान्हा खाली ठेवला. "मगे अर्धा मशीन घराकडे ठेवन इलंस."

पुतण्या त्याच पावली मोटरसायकल घेऊन देवबागला गेला. तो परत येईपर्यंतचा तास-दीड तास मला मिळाला. गेली काही वर्षं ऑगस्ट-सप्टेंबरात मी या शेडमध्ये येऊन बसतो. आऊटबोर्ड इंजिन बंद का पडतं, हे इथे जितकं स्वच्छ समजतं तितकं कुठल्या पुस्तिकेत मला समजलं नाही. आणि हे समजणं फार गरजेचं आहे असं मला मनापासून वाटतं. रस्त्यावर गाडी बंद पडली तर माणूस उतरून ढकलतो. समुद्रात उतरायला जागा नसते.

आऊटबोर्ड म्हणजे होडीच्या पाठच्या फळीला बाहेरून अडकवलेलं इंजिन. डोकं वर, पंखा खाली पाण्यात, आणि अख्खं इंजिन वळवलं की होडी वळते. मूळचा नॉर्वेचा, अमेरिकेत वाढलेला ओल एव्हिनरूड यानं १९०९ मध्ये मिलवॉकीत अशी इंजिनं विकायला काढली आणि तिथून हा प्रकार जगभर गेला. जपानी यामाहानं आपलं पहिलं आऊटबोर्ड १९६० मध्ये आणलं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १९८०च्या दशकात केरळच्या मच्छीमारांनी ही इंजिनं मोठ्या प्रमाणावर होड्यांना लावली. तिथे ती रॉकेलवरही चालतात. सुरू करायचं पेट्रोलवर, गरम झालं की रॉकेलवर न्यायचं, आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी कार्बुरेटरात सुरू होण्यापुरतं पेट्रोल असतं. आपल्याकडे मोठ्या ट्रॉलरना आत बसवलेलं डिझेल इंजिन असतं. आऊटबोर्ड असतं ते छोट्या होडीला: जाळं टाकून दुपारपर्यंत परतणाऱ्या दोघा-तिघांच्या होडीला, डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होडीला, स्कूबावाल्यांच्या होडीला. म्हणजे सगळा संसार एका इंजिनावर असलेल्या माणसाकडे.

मिस्त्री आयटीआय शिकून आधी स्कूटरच्या गॅरेजात लागले. त्या काळच्या बजाज स्कूटरी टू-स्ट्रोक होत्या, पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायचो आपण. सकाळी स्कूटर सुरू झाली नाही की बाजूला कलती करायची, मग किक मारायची, हे घराघरातलं दृश्य होतं. मिस्त्री सांगतात, आऊटबोर्ड पहिल्यांदा उघडलं तेव्हा आतली मंडळी ओळखीचीच निघाली. कार्बुरेटर तोच, फ्लोट तोच, जेट तेच. पण एक फरक होता. स्कूटरची टाकी कार्बुरेटरच्या वर असते, पेट्रोल आपोआप खाली उतरतं. होडीत टाकी पायाशी असते आणि इंजिन वर. पेट्रोल चढवावं लागतं. जे चढवावं लागतं ते अडतं, आणि कुठे कुठे अडतं हे शोधणं म्हणजेच या धंद्यातलं निम्मं काम.

"पेट्रोल जसा जाता, तसाच आपण जाऊचा," मिस्त्री म्हणतात. टाकीपासून निघायचं, वाट न सोडता कार्बुरेटरपर्यंत यायचं. बहुतेक माणसं उलटी निघतात. इंजिन अडलं की कार्बुरेटर खोलतात, कारण इंजिनाचं झाकण काढल्यावर तेच समोर दिसतं.

वाटेची सुरुवात टाकीच्या झाकणावर आहे. तिथे हवेचा एक स्क्रू असतो, तर्जनीच्या पेराएवढा. टाकीतून पेट्रोल जेवढं बाहेर जाईल तेवढी हवा त्या स्क्रूतून आत यायला हवी. टाकी उचलून नेताना तो बंद करायचा, इंजिन चालू करण्याआधी सैल करायचा. एवढंच. या एवढ्याशा गोष्टीची शिक्षा मी भोगली आहे आणि दोन माणसांना माझ्याबरोबर भोगायला लावली आहे.

नोव्हेंबरातली सकाळ होती. तारकर्लीसमोर एका छोट्या होडीतून आम्ही निघालो होतो. होडीवाला, त्याचा भाऊ आणि मी. पाणी थोडं उसळत होतं, नाळेवरून तुषार टाकीवर पडत होते. टाकी माझ्या पायाशी होती. झाकणावरचा स्क्रू सैल दिसला. खारं पाणी पेट्रोलमध्ये जाईल म्हणून मी तो घट्ट केला आणि कुणाला सांगितलं नाही. पंधराएक मिनिटांनी इंजिनाचा आवाज बारीक झाला, दोन आचके दिले आणि ते थांबलं. होडीवाल्यानं दोरी ओढली, सुरू झालं, मिनिटभर चाललं, पुन्हा थांबलं. मग सुरूच होईना. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून वाहत होता. तो हळू असतो, पण थांबत नाही. किनाऱ्यावरची सुरूची झाडं बघता बघता बुटकी होत गेली. भावानं वल्हं काढलं. होडीवाल्यानं प्लग काढून पाहिला, कोरडा. ठिणगी होती. शेवटी टाकीत पेट्रोल किती आहे ते बघायला म्हणून त्यानं झाकण फिरवलं आणि फुस्स करून हवा आत ओढली गेली. टाकीच्या आक्रसलेल्या बाजू ठक्कन बाहेर आल्या. तो आवाज मला आजही ऐकू येतो. त्यानं स्क्रूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कबूल केलं. तो रागावला नाही. त्यानं संध्याकाळी त्या स्क्रूला लाल दोरा बांधला, आणि पुढे त्याच्या होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला तो दोरा दाखवायला लागला.

हवा कमी पडल्याची खूण ठरलेली आहे. इंजिन सुरू होतं, काही वेळ चांगलं चालतं, मग गुदमरतं. थोडा वेळ गेला की पुन्हा सुरू होतं, कारण तेवढ्या वेळात कुठून तरी हवा झिरपलेली असते. ही खूण ज्याला माहीत आहे त्याचं काम दहा सेकंदांत होतं.

टाकीच्या आत एक नळी तळापर्यंत गेलेली असते, तिच्या टोकाला जाळी. या जाळीवर काय काय येऊन बसतं याची मिस्त्रींकडे एक बाटली भरून ठेवलेली आहे. गंजाचे पापुद्रे, कॅनच्या झाकणातला प्लॅस्टिकचा तुकडा, आणि एक रुपेरी गोल चकती. ऑइलच्या नव्या बाटलीच्या तोंडावर सील असतं ना, ते. घाईत बोटानं आत ढकललेलं. ती चकती टाकीत तरंगत राहायची आणि रेस वाढवली की ओढीनं जाळीला चिकटायची. इंजिन बंद पडलं की सुटून बाजूला व्हायची. टाकी उघडून पाहिली तर सगळं स्वच्छ. चार दिवस तो माणूस त्या चकतीमुळे धंद्याला जाऊ शकला नव्हता.

आणि पाणी. पेट्रोलपेक्षा पाणी जड, म्हणून ते टाकीच्या तळाशी बसतं, आणि पेट्रोल ओढणारी नळीही तळाशीच असते. म्हणजे इंजिनाला पहिला घोट पाण्याचा. आपल्या किनाऱ्यावर अर्धी रिकामी टाकी रात्रभर दमट हवा घेत असते, पहाटे ती आतल्या बाजूला थेंब होऊन ओघळते. कापडातून गाळून पेट्रोल भरणारे अनेक जण आहेत, कापडानं कचरा अडतो, पाणी अडतंच असं नाही. त्यासाठी पाणी वेगळं काढणारा फिल्टर टाकी आणि इंजिन यांच्या मध्ये लावावा लागतो. छोट्या होड्यांना तो मी क्वचितच पाहिला.

इथे इथेनॉलबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. देशात पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला. वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची विक्री ६ फेब्रुवारी २०२३ला बंगळुरूहून सुरू झाली. आधी २०३० साठी ठेवलेलं वीस टक्क्यांचं उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ वर आणलं गेलं. उसाच्या महाराष्ट्राला यातून पैसा मिळतो आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण बहुतेक आऊटबोर्ड बनवणाऱ्यांच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा दहा टक्के लिहिलेली असते. कारण साधं आहे. इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. ते हवेतली ओल पितं आणि काही प्रमाणापर्यंत ती पेट्रोलमध्ये विरघळवून ठेवतं. प्रमाण ओलांडलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि एकदम तळाशी बसतात. इथेनॉल जितकं जास्त तितकं पाणी जास्त वेळ धरून ठेवलं जातं हे खरं, पण फुटतं तेव्हा तळाशी जमणारा थरही तितकाच मोठा. टू-स्ट्रोकला यात आणखी एक धोका आहे. ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. तळाच्या थरात ऑइल नसतं. इंजिन तो थर ओढतं तेव्हा ते वंगणाशिवाय चालत असतं.

मिस्त्रींनी मला हे औषधाच्या रिकाम्या बाटलीत दाखवलं. बाटलीवर रेघा होत्या. आधी थोडं पाणी घातलं, त्याच्या पातळीवर नखानं खूण केली. वरून पेट्रोल ओतलं, बूच लावून हलवलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिलं. पाच मिनिटांनी पाहिलं तर पाण्याची रेघ खुणेच्या बरीच वर सरकली होती. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यानं खाली ओढून घेतलं होतं. दोन्ही थर काचेसारखे स्वच्छ, मध्ये केसासारखी रेघ. "आता ह्या टाकीत दोन म्हयने ठेवन बघ," मिस्त्री म्हणाले.

जुन्या रबरालाही इथेनॉल सोसत नाही. नळ्या आतून मऊ पडतात, रिंगा फुगतात. मोटारींसाठी, स्कूटरसाठी वीस टक्क्यांचा विचार झाला, नव्या गाड्या त्या हिशोबानं बनल्या. वीस वर्षांच्या इंजिनावर मासेमारी करणाऱ्या माणसाचा विचार त्या हिशोबात कुठे झाला, हे मला दिसत नाही. बंदरांजवळच्या एखाद्या पंपावर त्याला साधं पेट्रोल मिळण्याची सोय व्हायला हवी, किमान त्याच्या इंजिनात काय बदलायचं हे त्याला कुणी तरी समजावून सांगायला हवं. आज हे काम शेडमधले मिस्त्री करतात, आणि तेही माणूस अडल्यावर.

टाकीतून निघालेली नळी इंजिनाकडे जाते आणि वाटेत रबराचा एक लांबट फुगा असतो. कुणी त्याला बल्ब म्हणतं, कुणी पंप. आत दोन झडपा, त्या पेट्रोल एकाच दिशेला जाऊ देतात. फुग्यावर बाण असतो, तो इंजिनाकडे हवा. सुरू करण्याआधी चार-सहा वेळा दाबायचा, कार्बुरेटर भरला की तो कडक होतो. माझ्या मते अख्ख्या इंधनव्यवस्थेत या फुग्याइतकं खरं बोलणारं दुसरं काही नाही. मिस्त्री निदान करताना आधी त्यावर हात ठेवतात, डॉक्टर नाडीवर ठेवतो तसा.

दाबून दाबून फुगा कडकच होत नसेल तर कुठून तरी हवा आत येते आहे, किंवा त्याची झडप गेली आहे, किंवा पुढे कार्बुरेटरची सुई बसत नाही आणि पेट्रोल वाहून जातं आहे. चालत्या इंजिनावर फुगा चपटा झाला, आत ओढला गेला, तर अडथळा फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूला. फुगा कडक आहे आणि तरी इंजिन उपाशी, तर अडथळा पुढे. आणि एक शेवटची परीक्षा: इंजिन मरायला लागलं की फुगा सारखा दाबत राहायचं. दाबल्यावर ते सावरलं, जोर धरला, तर इंजिनाचा स्वतःचा पंप दमला आहे, नाही तर वाटेत हवा येते आहे. समुद्रात असाल तर असाच फुगा दाबत किनारा गाठता येतो. एक जण इंजिनावर, एक जण फुग्यावर. असं परत आलेले लोक मला माहीत आहेत.

हवा आत येते हे सहज ध्यानात येत नाही. नळीला चीर पडली तर पेट्रोल गळेल अशी आपली समजूत. पण टाकीपासून पंपापर्यंत पेट्रोल ढकललं जात नाही, ओढलं जातं. चीर असेल तिथून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, आणि नळी कोरडीठाक दिसते. मिस्त्रींकडे वीतभर पारदर्शक नळी आहे. ती मध्ये जोडली की बुडबुड्यांची माळ धावताना दिसते. मग एकेक सांधा बोटांनी दाबून धरायचा. माळ जिथे तुटते तिथे दोष. बहुतेक वेळा तो टाकीच्या किंवा इंजिनाच्या टोकाला, चाप लावतो त्या जोडात सापडतो. तिथली रबराची बारीक रिंग झिजलेली असते. काही रुपयांची.

पुढे इंजिनाचा छोटा फिल्टर आणि त्यापुढे पंप. पंप म्हणजे तळहाताएवढी डबी आणि तिच्यात कागदासारखा पातळ पडदा, डायफ्रॅम. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर-खाली होताना खालच्या पेटीत दाब कमी-जास्त होतो, त्या हिसक्यांवर हा पडदा धडधडतो आणि पेट्रोल ओढतो. वेगळी मोटर नाही, वायर नाही. पडद्याला सुईएवढं भोक पडलं की दोन गोष्टी होतात, पेट्रोल पुरेसं चढत नाही आणि काही पेट्रोल भोकातून थेट पेटीत उतरतं, प्लग ओला होतो. फोर-स्ट्रोकच्या पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये जाऊ शकतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि वास पेट्रोलचा आला तर इंजिन सुरू करायचं नाही.

मग कार्बुरेटर. मिस्त्रींनी एका इंजिनाचा खालचा वाडगा माझ्यासमोर उघडला. दोन चमचे पेट्रोल, हिरवट पिवळं, वॉर्निशचा वास. त्यात वाटाण्याएवढा पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा गडगडत होता. कडेला पांढरी भुकटी होती आणि पितळी जेटवर हिरवा थर. पांढरं ते अ‍ॅल्युमिनियम खाल्लेलं, हिरवं ते पितळ. त्यांनी मुख्य जेट काढून दारातल्या उजेडाकडे धरलं. गोल भोक दिसायला हवं होतं, चंद्रकोर दिसली.

बाजूला एक शिकाऊ मुलगा तारेचा तुकडा घेऊन तयार होता. मिस्त्रींनी त्याचा हात धरला. पितळ मऊ असतं. पोलादी तारेनं भोक मोठं होतं, आणि एकदा मोठं झालं की ते इंजिन कायमचं जास्त पेट्रोल पितं. त्यांनी खिशातून तंगूस काढला, जाळ्याचा नायलॉनचा धागा, आणि तो जेटमधून आरपार ओवला. मासेमारीच्या गावात हे हत्यार प्रत्येक घरात पडलेलं असतं. मग फवारा, मग हवा, मग पुन्हा उजेडाकडे. यावेळी पूर्ण गोल.

मंद चालताना बंद पडतं आणि रेसला ठीक, तर बारीक जेट, पायलट. मंद ठीक आणि रेसला बसतं, तर मुख्य जेट, किंवा मागून येणारं पेट्रोलच कमी. चोक अर्धा ओढल्यावर सुधारतं, तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की. ही दुसरी तक्रार, रेसला थोडं कमी वाटण्याची, माणसं चालवून घेतात. तिथे मला सगळ्यात जास्त भीती वाटते. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. प्रमाण साधारण ५०ला १, लिटरला २० मिलिलिटर. पेट्रोल कमी म्हणजे ऑइल कमी, आणि तेही पूर्ण रेसला, जेव्हा पिस्टन सगळ्यात गरम असतो. जेटमधला एक कण आणि हजारोंचा पिस्टन चिकटलेला, हे मिस्त्रींच्या शेडमध्ये दर हंगामात येतं. मायेपोटी ऑइल जास्त घालणारेही आहेत. त्यानं प्लग काळे होतात आणि तेवढ्याच भोकातून पेट्रोल आणखी कमी जातं. ऑइलही मोटरसायकलचं चालत नाही. पाण्यानं थंड होणाऱ्या या इंजिनांसाठी टीसी-डब्ल्यू३ हा वेगळा, राख न करणारा दर्जा आहे.

नवी फोर-स्ट्रोक, इंजेक्शनची इंजिनं शांत आणि कमी पिणारी. पण त्यांच्यात दाबाचा पंप, बाष्प वेगळं करणारी छोटी टाकी, इंजेक्टर असं सगळं आहे. पाण्याचा एक घोट तिथे फार महाग पडतो. वाट मात्र तीच, टाकीपासून.

हे सगळं ऑगस्टमध्येच का उफाळतं, तर त्याचं मूळ मे महिन्याच्या शेवटी आहे. आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते आणि छोट्या होड्या बऱ्याचदा नारळी पौर्णिमेपर्यंत वर ओढलेल्या असतात. इंजिन काढून पडवीत टांगतात. कार्बुरेटरात राहिलेलं थोडंसं पेट्रोल त्या दमट दिवसांत उडतं, हलका भाग निघून जातो आणि मागे चिकट थर उरतो. इंजिन ठेवताना नळी काढायची, ड्रममध्ये गोड्या पाण्यात मंद चालवत ते आपणहून बंद होऊ द्यायचं, मग वाडग्याचा स्क्रू सोडून उरलेलं काढायचं, टाकी रिकामी करायची, प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून दोरी दोनदा हळू ओढायची. अर्धा तास. पाण्याशिवाय मात्र क्षणभरही चालवायचं नाही, खालचा रबरी पंखा जळतो. हे सांगणारं एखादं पानभर मराठी पत्रक मला कुठल्या घरात दिसलं नाही. होडीचा परवाना देताना असं पत्रक हातात ठेवणं काही कठीण नाही.

पुतण्या टाकी आणि नळी घेऊन आला. टाकी स्वच्छ, स्क्रू मोकळा, जाळी साफ. नळी गेल्या वर्षी घेतलेली, नवीकोरी दिसणारी. पुतण्यानं फुगा सोडवून टाकीकडच्या नळीत फुग्याच्या बाजूनं फुंकून दाखवलं, हवा सुरेख जात होती. ड्रममध्ये इंजिन खरंच गाणं म्हणत होतं. पण ड्रममध्ये पूर्ण रेस देता येत नाही आणि पंख्यावर भार नसतो. तेव्हा पेट्रोल लागतंच कितीसं? मिस्त्री म्हणाले, खाडीत जाऊया.

दुपारी आम्ही कर्ली नदीत देवबागच्या आतल्या बाजूला होडी काढली. ओहोटी लागलेली होती, संगमाकडे पाणी ओढत होतं, म्हणून नांगर आणि वल्ही आधी पाहून घेतली. तांडेल इंजिनावर, पुतण्या फुग्यावर हात ठेवून. अर्ध्या रेसपर्यंत होडी छान उचलली. पूर्ण रेस दिली, दहा-बारा सेकंद, आणि आवाज बसला.

"चपटो झालो!" पुतण्या ओरडला. फुगा दोन्ही बाजूंनी आत गेला होता.

म्हणजे मागे. कार्बुरेटर नाही, पंप नाही. मिस्त्रींनी स्वतःची टाकी आणली होती, ती जोडली. पुन्हा दहा सेकंद, पुन्हा चपटा. मग तांडेलांची टाकी परत लावली आणि नळी मिस्त्रींची. होडीनं नाळ वर उचलली ती उचललीच. पुलाच्या दिशेनं आम्ही पूर्ण रेसमध्ये गेलो आणि वळून आलो. तांडेल एक शब्द बोलले नाहीत.

काठावर मिस्त्रींनी टाकी आणि फुग्यामधली नळी उभी चिरली. बाहेरून काळंभोर, तुकतुकीत रबर. आतलं पातळ अस्तर टाकीकडच्या टोकापासून तीनेक बोटं सुटून जिभेसारखं लोंबत होतं. हळू ओढ असली की ती जीभ भिंतीला टेकून राहायची. जोरात ओढ लागली की उठून वाट बंद करायची. उलट बाजूनं फुंकलं की चपटी बसायची, म्हणून हवा सुरेख जात होती. तांडेलांनी त्या जिभेला बोट लावलं, तर तिचा तुकडा बोटाला चिकटून आला, मऊ, च्युइंगमसारखा.

"खयसून घेतलंस?"

दुकानात मीटरवर मिळते तिथून, तांडेलांनी सांगितलं. आऊटबोर्डची म्हणून नव्हे, पेट्रोलची म्हणून. मग ते गप्प झाले आणि त्यांनी खिशातून फोन काढला. एकाच गुंडाळीतून त्यांनी दोन नळ्या कापून घेतल्या होत्या. दुसरी शेजाऱ्याच्या होडीवर होती, आणि शेजारी पहाटे बाहेर जाणार होता.

"आयक," ते फोनवर म्हणाले, "मी येयसर होडी काढू नको. सुरी घेवन येतंय."